दोन विमानांमधला गजर

आमच्या असल्फ्यात चंद्रप्रकाश घाडीगांवकर कुठे राहतात असं विचारलंत, तर समोरचा डोकं खाजवत उभा राहील. चंदूबुवा म्हणालात तर तोच माणूस तुम्हाला दंडाला धरून सातव्या मजल्यावर नेऊन सोडेल. मी बाळ राऊळ. एकतीस वर्षं त्यांच्यामागे बसून झांज वाजवली. बुवांनी ओळ टाकायची आणि आम्ही कोरसवाल्यांनी ती उचलायची, एवढंच आमचं काम. ते मी इमानाने केलं. दुसऱ्या एका कामात मात्र मी माती खाल्ली, आणि ते मला सांगून टाकायचं आहे.

बुवा पोटासाठी लिफ्टमन होते. अंधेरीच्या एका ऑफिसच्या इमारतीत तेहतीस वर्षं स्टुलावर बसून त्यांनी लोकांना वरखाली केलं. त्यांचे वडील गिरणीत होते. गिरणी गेली, गावची जमीन भावकीत गेली, बुवांच्या वाट्याला आला तो फक्त गळा. लिफ्टचं दार बंद झालं की ते गुणगुणायला लागायचे. तळमजल्यापासून नवव्यापर्यंत एक चरण बसायचं. मध्येच कुणी चौथ्यावर बटण दाबलं की बुवांच्या कपाळाला आठी. असे त्यांनी चाळीसएक गजर बांधले. भजनाच्या शेवटी लय चढवत चढवत म्हणतात तो गजर. आमच्या कोकणी बाऱ्यांमध्ये दोन बुवा समोरासमोर बसतात, आणि कोण जिंकला ते गजरावरच ठरतं.

बुवांचे गजर ऐकायला भांडुप-विक्रोळीपासून लोक यायचे. पण रेकॉर्डिंग? नाव काढायचं नाही! फार वर्षांपूर्वी कुणीतरी कॅसेटवर त्यांचा एक गजर उतरवला आणि दुसऱ्या बुवाने तो त्यांच्याआधीच एका बारीत म्हणून टाकला. तेव्हापासून बुवांनी नियम केला. एकदा भांडुपला दुसऱ्या रांगेतल्या माणसाने मोबाईल वर धरला, तर बुवांनी पेटीचा भाता सोडला आणि चालू बारी थांबवली.

"मोबाईल खाली घेवा. माझी चाल माझ्या गळ्यातच रवतली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही कोरसवाले छाती फुगवून बसलो. त्या फुगवलेल्या छातीची मला आज लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी शिमग्यात बुवांचा आवाज बसला. रत्नावहिनींनी ज्येष्ठमध दिलं, हळदीचं दूध दिलं, गावाहून कसलासा काढा मागवला. आवाज काही सुटेना. श्रावणात मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. आधी औषधाचे तीन डोस, मग ऑपरेशन. जीव वाचेल, आवाज जाईल.

बुवा घरी आले, चहा प्याले, आणि मुलीला म्हणाले, "रेकॉर्डिंग कसा करतत गो?"

श्रुतिका त्यांची एकुलती एक. मुलुंडला एका लॅबमध्ये कामाला आहे, डोक्याने तल्लख. तिने आधी फोनवरच घेऊन बघितलं. पण बुवांचा आवाज तोवर बारा आण्यांवर आला होता आणि आमचा नितेश पखवाजावर हात टाकतो म्हणजे टाकतोच. फोनमध्ये ऐकलं तर पखवाज आणि आम्ही. बुवा कुठेतरी मागे, शेजारच्या खोलीत रागावल्यासारखे. बुवांनी फोन परत दिला.

मग तिने चार रात्री जागून व्हिडिओ पाहिले आणि आम्हाला समजावलं. पखवाज वेगळा घ्यायचा, पेटी वेगळी, कोरस वेगळा आणि बाबांचा आवाज सगळ्यात वेगळा. मग कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवायचं आणि बाबांचा आवाज हवा तेवढा वर आणायचा. यासाठी फोन पुरणार नाही, बऱ्यापैकी कॉम्प्युटर लागेल. आठ जीबी रॅम, एसएसडी, माइक जोडायचा एक छोटा डबा, हेडफोन. तिने कागदावर यादी केली. वहिनींनी तो कागद देवघराच्या कोनाड्यात ठेवला.

दुकानात नवा लॅपटॉप पन्नास हजारांच्या घरात जात होता. घरात आजारपण. श्रुतिका म्हणाली, मी हप्त्यावर घेते. आणि इथे मी तोंड उघडलं.

"बुवांनू, जरा थांबा. माझ्या हापिसात गणपतीनंतर जुने कॉम्प्युटर निघतले. चांगले आसत. पाण्याच्या भावात गावतले."

खोटं नव्हतं ते. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअरला आहे. तिथे चार वर्षं झाली की कॉम्प्युटर बदलतात आणि जुने स्टाफला स्वस्तात देतात. ते काम बघणाऱ्या देवव्रतकडे मी शब्द टाकला. तो म्हणाला, "बाळशेठ, तुमच्यासाठी एकदम झकास पीस बाजूला काढतो. फक्त लॉट निघू दे."

श्रुतिकाच्या चेहऱ्यावर थांबायची तयारी नव्हती. पण बुवा म्हणाले, "बाळ्या म्हणता तर थांबूया." त्यांनी माझ्यावर भरवसा टाकला, आणि माझी कॉलर ताठ झाली.

गणपती आले, गेले. लॉट निघाला अनंत चतुर्दशीनंतर तीन दिवसांनी. साडेसात हजारात काळा डेस्कटॉप, मॉनिटरसकट. मी नाचायचाच बाकी होतो. बुवांना फोन केला तर पलीकडून घोगरा आवाज आला.

"पितृपाखात नवी वस्तू घरात हाडूची नाय."

"बुवांनू, नवी खंय? चार वर्सां वापरलेली आसा ती!"

"माझ्या घराक नवीच मा."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. त्या माणसाने सबंध आयुष्यात दोनच गोष्टी धरून ठेवल्या होत्या, सूर आणि नेम. उरलेला पंधरवडा तो कॉम्प्युटर माझ्या टेबलाखाली पडून राहिला. जेवताना दर वेळी माझा पाय त्याला लागायचा. तेवढ्या दिवसांत बुवांचा आवाज बारा आण्यांवरून आठ आण्यांवर आला.

घटस्थापनेला मी आणि बुवा तो आणायला गेलो. अंधेरीहून रिक्षा केली. मी म्हणालो, मागे ठेवूया, पण बुवांनी तो ठोकळा मांडीवर घेतला आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी धरत होते. त्यावर आमच्या कंपनीचं नंबराचं स्टिकर होतं. मरोळपासून बुवा ते नखाने खरवडत आले, पण निघालं नाही. दारात वहिनींनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि कुंकू लावलं.

मशीन चाललं मात्र छान. श्रुतिकाने दोन दिवसांत सगळं जोडलं. पंखा घरघरतो म्हणून ठोकळा मोरीत पाटावर ठेवला आणि लांब वायर बाहेर आणली. खिडक्यांना गोधड्या लावल्या. फ्रिज बंद, मिक्सर बंद. बुवांनी माइकसमोर बसून पहिला सा लावला, आणि वरून विमान गेलं.

आम्ही तीस वर्षं त्या विमानांखाली राहतो. विमानतळावर उतरणारं प्रत्येक विमान आमच्या टेकडीवरून पोट घासत जातं. इतकी वर्षं झाली की आम्हाला ते ऐकू येणं बंद झालंय, पण माइकला ऐकू येत होतं. श्रुतिकाने घड्याळ लावून मोजलं. दोन विमानांमध्ये दीड मिनिट, फार तर पावणेदोन. बुवांचा गजर आठ-दहा मिनिटांचा. तो चुलीवरच्या भातासारखा, मध्येच खाली उतरवला की वाया.

तीन दिवस ती पोर डोकं धरून बसली. चौथ्या दिवशी धावत माझ्या घरी आली. "काका, बातमी आहे! पावसाळ्यानंतर धावपट्टीची दुरुस्ती करतात ना, त्यासाठी शुक्रवारी एअरपोर्ट बंद. अकरा ते पाच. एकही विमान नाही. सहा तास!"

मला रडू फुटायचं बाकी होतं. पुढच्या मंगळवारी ऑपरेशन होतं. देवाने सहा तास कापून आमच्या हातात ठेवले असं वाटलं. मी रजा टाकली, नितेशने टाकली, कोरसच्या पाचजणांनी टाकली. श्रुतिकाने बुवांना जाऊन सांगितलं, "बाबा, अकरा तारीख, सकाळी अकरा." बुवांनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांनी बोलणं बंद केलं, आवाज साठवायला. काही हवं असेल तर जुन्या कॅलेंडरच्या पाठी लिहायचे. "पाणी." "पंखो बंद." एकदा मी बसलेलो असताना लिहिलं, "वारुळातलो आधी."

तो त्यांचा सगळ्यात मोठा गजर. गावच्या सातेरीचा. देवी तिथे वारुळात आहे. 'वारुळातले माये, तुझी वाट बघतंय गो' अशी एकच ओळ, आणि तीच चौदा तऱ्हांनी. त्या तऱ्हा फक्त बुवांच्या गळ्यात होत्या.

आम्ही सगळे तारखेत बोलत होतो. अकरा तारीख, अकरा वाजता. तिथी कुणी बघितलीच नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिणारा माणूस घरात असून नव्या कॅलेंडरकडे कुणाची नजर गेली नाही.

शुक्रवारी पावणेअकराला आम्ही सातजण वर गेलो. दार उघडंच होतं. आत पाटावर पेटी, शेजारी पखवाज, झांजा, टाळ. सगळ्यांवर झेंडूचे हार. आणि मधोमध, मोरीतून आणून स्वच्छ पुसलेला, तो काळा कॉम्प्युटर. त्यावर हळदकुंकू, वर नारळ. कंपनीच्या स्टिकरवरसुद्धा कुंकवाचं बोट. समईसमोर बुवा धुतलेल्या धोतरात हात जोडून बसले होते.

खंडेनवमी होती. या दिवशी आमच्याकडे हत्यारं पूजेला बसतात. ज्याचं जे हत्यार. सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तरा, आमच्या झांजा. दसऱ्याच्या सकाळी नारळ फोडून ती उठवायची. तोवर हात लावायचा नाही. बुवांनी उभ्या जन्मात त्या दिवशी पेटीवर बोट ठेवलं नव्हतं.

आम्हाला गोळा करायला सकाळीच बाहेर पडलेल्या श्रुतिकाला आधी कळलंच नाही. मग तिचा चेहरा उतरला. "बाबा, हे उचला ना. आज एकच दिवस आहे. वर्षातून एक. तुम्हाला कळतंय ना?"

चार दिवस साठवलेल्या आवाजातले पहिले शब्द बुवांनी असे खर्चले. "माका कळता. उद्या उठयतलंय."

"उद्या विमानं आहेत!"

बुवांनी समईची वात पुढे सारली.

"बरं, पेटी नको, पखवाज नको, कॉम्प्युटरही नको. नुसतं गा. मी फोनवर घेते. शांत आहे आज, चांगलं येईल."

बुवांनी स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. तिथे मला कुंकू दिसलं. "गळो पण हत्यारच मा गो. तो पण पूजेत आसा."

माझं टाळकं सटकलं. एकतीस वर्षांत मी बुवांना उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी सगळ्यांदेखत ओरडलो. "बुवांनू, मंगळवारी तो गळो कापतले तुमचो! देव काय वह्यो तपासूक बसलोहा?"

नितेशने माझा हात धरला. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. बुवांना राग आला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं.

"पन्नास वर्सां पाळलंय," ते म्हणाले. "आता भियान मोडलंय, तर इतकी वर्सां मी गायलंय ता कोणासाठी?"

आजही कधी वाटतं, काय हा हट्ट. कधी वाटतं, एवढा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दोन्ही एकदम वाटतं तेव्हा फार त्रास होतो.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावोजी, रवांदे. ते आयकाचे नाय. बसा, शिरो केलंय."

अकरा वाजले. विमानं थांबली. आम्ही कुणीच घरी गेलो नाही. सातजण त्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसून राहिलो आणि असल्फ्यावर कधी नव्हे ती शांतता उतरली. खालच्या मजल्यावर कुणीतरी धान्य पाखडत होतं तेही ऐकू येत होतं. बुवा डोळे मिटून बसले होते. मधूनच त्यांची मान लयीत हलायची, आणि मला कळायचं की आत वारुळातल्या मायेचा गजर चालू आहे. ओठ मात्र हलले नाहीत. श्रुतिका बापाकडे बघत होती, पाच वाजेपर्यंत. पाचला सात मिनिटं असताना ती उठून आत गेली. थोड्या वेळाने पहिलं विमान गेलं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे कर्म कुणाचं ते मला माहीत होतं. गणपतीआधी नवा लॅपटॉप आला असता, तर बारा आण्यांच्या आवाजात, सावकाश, तुकड्यातुकड्याने का होईना, तिने चाळीस गजर काढले असते. थांबा म्हणणारा मी होतो.

दसऱ्याला सकाळी सातला बुवांनी नारळ फोडला, पेटी उठवली, कॉम्प्युटर उठवला, आणि आम्ही रेकॉर्डिंगला बसलो. विमान गेलं की श्रुतिका हात खाली करायची, बुवा ओळ टाकायचे, दीड मिनिटाने ती हात वर करायची. थांबायचं. पुन्हा पहिल्यापासून लय बांधायची. आवाज आता चार आणे. साडेनऊपर्यंत वारुळातल्या मायेच्या चौदांपैकी पाच तऱ्हा झाल्या. सहाव्या वेळी बुवांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. मग त्यांनी पेटीचा भाता हळूच बंद केला, खटका लावला, आणि श्रुतिकाकडे बघून पुरे अशी खूण केली. आम्ही आपट्याची पानं वाटली. बुवांनी माझ्या हातात पान ठेवलं तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर खूश होते. बुवा जगले, हिंडूफिरू लागले. गळ्यापाशी भोक, त्यावर पातळ रुमाल. बोलायचं ते पाटीवर लिहितात.

ते पाच तुकडे श्रुतिकाने महिनाभर घासले. दीड मिनिटाच्या हिशेबात प्रत्येक तुकड्याच्या टोकाला येणाऱ्या विमानाची घरघर आलीच होती. विमान काढायचं काहीतरी सॉफ्टवेअर असतं. तिने ते लावलं तर विमानाबरोबर बुवांचा खालचा सूरही जाऊ लागला. तेवढाच तर शिल्लक होता त्या आवाजात. बुवांनी ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, "विमान रवांदे."

गेल्या वर्षी पुन्हा ती बातमी आली. विमानतळ बंद, अकरा ते पाच. या वेळी खंडेनवमी कधीच होऊन गेली होती. साधा गुरुवार, कसला नेम नाही, कसली पूजा नाही. बुवांनी स्वतः श्रुतिकाकडून सगळ्यांना निरोप धाडला. आम्ही सातजण गेलो. कॉम्प्युटर मोरीत पाटावर, वायर बाहेर, माइक उभा. बुवा पेटीवर बसले. बोटं तशीच आहेत त्यांची, खणखणीत.

श्रुतिका मला म्हणाली, "काका, बाबांची ओळ तुम्ही म्हणा. मग कोरस उचला." मी तोंड उघडणार तेवढ्यात बुवांनी बोट हलवलं. नाही. बुवाची ओळ बुवाची. कोरसने ती म्हणायची नसते, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

मग त्यांनी वारुळातल्या मायेचा गजर काढला. पेटी सुरू झाली, पखवाज सुरू झाला. ओळीची जागा आली. बुवांनी पेटीवरची बोटं उचलली, डोळे मिटले, मान वर केली आणि तेवढ्या मात्रा जाऊ दिल्या. नितेशनेही हात उचलून धरला. मग बुवांनी मान आमच्याकडे वळवली, आणि आम्ही ओळ उचलली, कुणी न टाकलेली. चौदाच्या चौदा तऱ्हा त्यांनी अशाच वाजवल्या. दर वेळी ती जागा यायची, आणि दर वेळी सगळे थांबायचे. मी रडत रडत झांज वाजवली आणि एकदाही चुकलो नाही.

ते रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे. फार सुरेख आलंय. श्रुतिका म्हणते, एवढं स्वच्छ तिने काहीच केलेलं नाही. ती बुवांची जागा येते तिथे मी आवाज पूर्ण वाढवून ऐकलंय. काहीच नाही. एक विमानसुद्धा नाही.